मोडलं तर कोण येणार?

गांधीजींचा फोटो आणि त्याखाली ग्राहकाबद्दल चार-पाच वाक्यं, अशी पाटी तुम्ही कुठे ना कुठे पाहिली असेलच. भारतात ती बँकेत दिसते, सरकारी कचेरीत दिसते. परदेशात एखाद्या देशी किराणा दुकानातही गल्ल्यामागे टांगलेली सापडते. मजकूर साधारण असा असतो : ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा आहे, तो आपल्यावर अवलंबून नसून आपण त्याच्यावर अवलंबून आहोत, त्याची सेवा करून आपण उपकार करत नाही. काही पाट्यांवर खाली तपशीलही असतो : दक्षिण आफ्रिकेतलं भाषण, १८९०.

आता जरा तारखा पडताळून बघू. १८९० साली गांधीजी लंडनमध्ये होते, बॅरिस्टरीचा अभ्यास करत. दक्षिण आफ्रिकेत ते पहिल्यांदा पोचले १८९३ साली. म्हणजे ज्या देशात ते अजून गेलेच नव्हते, तिथलं भाषण आपण भिंतीवर टांगलंय. याच धाटणीचा मजकूर अमेरिकेत १९४१ साली छापलेला सापडतो, स्टुडबेकर या मोटार कंपनीच्या विक्री विभागातल्या एका बड्या अधिकाऱ्याच्या नावावर. थोडक्यात, गाड्या विकणाऱ्या माणसाचा विचार आपण महात्म्याच्या तोंडी घातला आणि फ्रेम करून लावला.

हे हसण्यावारी नेता येईल. पण मला त्यात एक प्रश्न दिसतो. दुकानदारानं गिऱ्हाइकाशी कसं वागावं, एवढी साधी गोष्ट सांगायला आपल्याला संताची सही का लागली? एक कारण कदाचित आपल्या भाषेत आहे. मराठीत ‘सेवा’ ही देवाची, आईवडिलांची किंवा देशाची. पैसे घेऊन केलेल्या कामाला हा शब्द लावताना जीभ जरा अडखळते. म्हणून मग आपल्याकडे दोन टोकं तयार झाली. एकीकडे ही पवित्र पाटी, दुसरीकडे पुणेरी दुकानदाराचे विनोद. पु. ल. देशपांड्यांनी मुंबईकर, पुणेकर, नागपूरकरावरच्या लेखात त्या दुकानदाराला अमर करून ठेवलं आणि आपण आजही ते विनोद फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड करतो.

या दोन टोकांच्या मधे एक खरा इतिहास आहे. तो नम्रतेचा नाही आणि तुसडेपणाचाही नाही. तो दुरुस्तीचा आहे. वस्तू विकत घेताना माणूस मनातल्या मनात एक प्रश्न विचारतो : हे मोडलं तर कोण येणार? आज तो प्रश्न एका नांगराच्या गोष्टीतून बघू या.

न विकला गेलेला नांगर

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे लक्षात आलं की आपल्याला काही रंग ओळखता येत नाहीत. चित्रकला सुटली, पण यांत्रिक ड्रॉइंग हातात होतं. त्या जोरावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवायची नोकरी लागली. पुढे बढतीच्या वेळी त्यांना डावललं गेलं आणि त्यांनी ती नोकरी सोडली.

बेळगावात थोरले भाऊ रामचंद्रपंत, म्हणजे रामूअण्णा, यांच्यासोबत सायकलींचा धंदा चालू होता. १८८८ हे वर्ष किर्लोस्कर ब्रदर्स आजही आपलं स्थापनावर्ष म्हणून सांगते. या धंद्यातला एक बारकावा लक्षात ठेवा. सायकल तेव्हा नवलाची चीज होती. विकत घेणाऱ्याला ती चालवता येत नसे. त्यामुळे हे भाऊ सायकल विकायचे आणि चालवायला शिकवायचेही. शिकवायची वेगळी फी घ्यायचे. यात उपकार कसला नव्हता, पण वस्तू हातात दिली की आपलं काम संपलं, असंही ते समजत नव्हते.

मग ते शेतीच्या अवजारांकडे वळले. आधी कडबा कापायचं यंत्र केलं. त्यानंतर, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीच्या वर्षांत, लोखंडी नांगर. कागदावर बघाल तर हा नांगर न विकला जायचं काहीच कारण नव्हतं. दख्खनच्या काळ्या जमिनीत लाकडी नांगर माती फाडतो, पण उलटवत नाही. हरळीसारखं खोल मुळांचं तण मग तसंच राहतं. लोखंडी नांगर मातीची ढेप पालथी घालतो, मुळं उघडी पाडतो. परदेशी नांगर बाजारात येतच होते. इंग्लंडातल्या इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीचं त्यात मोठं नाव. त्याच्या तोडीचा नांगर इथेच तयार होतोय म्हटल्यावर उड्या पडायला हव्या होत्या.

प्रत्यक्षात पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली.

कारण म्हणून जे सांगितलं जातं ते तुम्ही शाळेच्या पुस्तकात किंवा एखाद्या प्रेरणादायी व्हिडिओत ऐकलं असेल. शेतकऱ्यांना वाटायचं की लोखंडामुळे जमीन नासते, तिला विष चढतं. गोष्ट साधारण इथेच थांबते : अडाणी शेतकरी, द्रष्टा उद्योजक, शेवटी विज्ञानाचा विजय. मीसुद्धा बरीच वर्षं ती अशीच ऐकली आणि सांगितली. तीत एक भोक आहे, हे कळलं ते भलत्याच देशातली एक जुनी गोष्ट वाचताना.

न्यू जर्सीची तीच तक्रार

न्यू जर्सीत बर्लिंग्टन काउंटी आहे. तुमच्यापैकी काही जण तिथून रोज गाडीनं जात असतील. तिथल्या चार्ल्स न्यूबोल्ड नावाच्या माणसानं १७९७ साली बिडाच्या नांगराचं पेटंट घेतलं. अमेरिकेतलं हे अशा नांगराचं पहिलं पेटंट मानतात. आणि तिथल्या शेतकऱ्यांचं म्हणणं काय होतं? लोखंडानं जमिनीत विष भिनतं, तण माजतं.

म्हणजे बेळगावकडच्या शेतकऱ्याच्या शंभर वर्षं आधी, सातासमुद्रापलीकडे, गोऱ्या शेतकऱ्यानं जवळजवळ तीच शंका काढली होती. त्यामुळे याला ‘आपल्या लोकांचा मागासपणा’ म्हणून मोकळं होता येत नाही. दोन अगदी वेगळ्या समाजांतली माणसं एकच विचित्र वाटणारी गोष्ट बोलतात, तेव्हा तिच्या पोटात काय आहे ते बघायला हवं.

न्यूबोल्डच्या नांगरात एक अडचण होती. त्याचा फाळ आणि माती पालथी घालणारा भाग हे सगळं एकसंध ओतलेलं होतं. बीड कडक असतं, पण ठिसूळ. शेतात दगड लागला आणि टोक तुटलं की अख्खा ओतीव भाग भंगारात. लाकडी नांगराचं तसं नसतं. मोडला तर शेतकरी स्वतः किंवा गावचा कारागीर संध्याकाळपर्यंत तो उभा करतो.

पुढे लोखंडी नांगर अमेरिकेत रुळला तो न्यूयॉर्क राज्यातल्या जेथ्रो वुड या शेतकऱ्यामुळे. १८१४ आणि १८१९ साली त्यानं पेटंटं घेतली. त्याच्या नांगराचे भाग सुटे होते. जो तुटला तो बदलायचा, बाकी नांगर तसाच. इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्समनं इंग्लंडात हेच थोडं आधी साधलं होतं. फाळाची एक बाजू जास्त कडक ओतून तो वापरात आपोआप धारदार राहील अशी युक्ती त्यानं १८०३ साली काढली, आणि १८०८मध्ये सुट्या, बदलता येणाऱ्या भागांच्या नांगराचं पेटंट घेतलं. म्हणजे शेतकऱ्यानं बांधावर बसून नांगर खोलावा आणि भाग बदलावा.

आता ‘विष’ या शब्दाकडे परत बघा. जमिनीत विष भिनत नव्हतं, हे खरं. पण धोका खोटा नव्हता. पेरणी पावसाशी बांधलेली. नांगरटीच्या ऐन दिवसांत अवजार मोडून पडलं आणि दुरुस्त करणारा कोणी नसला, तर वर्ष वाया जाणार. शेतकऱ्याला हा हिशेब अनुभवानं पक्का ठाऊक होता. तो त्यानं कदाचित विषाच्या भाषेत मांडला. हे माझं अनुमान आहे आणि मी ते अनुमान म्हणूनच मांडतोय. पण जिथे सुटे भाग आले तिथे लोखंडी नांगर रुजला, हे काही अनुमान नाही.

गावातली जुनी वॉरंटी

बेळगाव, सांगली, साताऱ्याच्या शेतकऱ्याकडे तर या प्रश्नाचं उत्तर शेकडो वर्षांपासून तयार होतं. त्याला बलुतं म्हणायचे.

गावगाड्यात सुतार आणि लोहार थोरल्या ओळीतले बलुतेदार. शेतकऱ्याच्या नांगराचं, कुळवाचं, गाडीचं लाकूडकाम सुतारानं करायचं, फाळ शेवटायचं म्हणजे धार लावायचं काम लोहारानं. दर कामाला पैसे नाहीत. सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याचा ठरलेला वाटा, पेंढ्या, तेच वर्षाचं मोल. त्र्यंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ हे पुस्तक १९१५ सालचं. ही सगळी देवाणघेवाण, तिच्यातली ओढाताण आणि कुणब्याला होणारा जाच समजून घ्यायचा तर आजही त्याच पुस्तकाकडे जावं लागतं.

आजच्या भाषेत बोलायचं तर लाकडी नांगर हा ‘सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट’सकट यायचा. दुरुस्तीचं मोल आधीच ठरलेलं आणि दुरुस्त करणारा हाकेच्या अंतरावर. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर वरकरणी लाकडाशी स्पर्धा करत होता. खरी स्पर्धा होती ती गावच्या सुताराशी, त्याच्या कायम हजर असण्याशी. शेतकऱ्यानं लोखंडी नांगर घेतला तरी सुताराचं बलुतं काही सुटणार नव्हतं, कारण बाकीची कामं होतीच. वर हा नवा नांगर मोडला तर तो सुतार काही करू शकणार नाही. दोन्हीकडून भुर्दंड. दोन वर्षं नांगर पडून राहिला यात मग फारसं नवल उरत नाही.

पण इथे थांबलो तर मी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली असं होईल. हल्ली ‘आपल्या पूर्वजांनी सगळं आधीच शोधलं होतं’ अशा थाटात बलुतेदारीचं कौतुक ऐकू येतं. तसं मला अजिबात म्हणायचं नाही. ही सेवा जन्मानं ठरलेली होती. सुताराचा मुलगा सुतारच. काम आवडो न आवडो, वाटा पुरो न पुरो, गाव सोडून दुसरीकडे जाणं सोपं नव्हतं. सुताराचं निदान गावात मानाचं स्थान होतं. महारांच्या वाट्याला आली ती वेठ : निरोप पोचवणं, ओझी वाहणं, मेलेली जनावरं ओढणं, आणि बदल्यात मिळेल ते. या वतनाच्या जोखडातून आपल्या माणसांना सोडवण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात विधेयक मांडलं. दया पवारांच्या १९७८ सालच्या आत्मकथनाचं नावच ‘बलुतं’ आहे. त्या शब्दातला कडवटपणा कळायला तेवढं पुरे.

म्हणजे ‘मोडलं तर कोण येणार?’ या प्रश्नाला जुन्या गावाकडे उत्तर होतं, पण ते कुणाच्या तरी मोकळीकीच्या मोलानं. येणाऱ्याला ‘मी येणार नाही’ म्हणायची सोयच नव्हती. नव्या उद्योगापुढचं कोडं मग असं होतं. तेवढाच भरवसा द्यायचा, पण तो जन्माच्या सक्तीवर नाही, स्वतःहून दिलेल्या शब्दावर उभा करायचा. धंद्यातलं नेतृत्व ही गोष्ट मला इथे सुरू होताना दिसते.

निवडुंगातलं गाव

बेळगावच्या नगरपालिकेला शहराच्या वाढीसाठी जागा हवी झाली आणि किर्लोस्करांच्या कारखान्यावर उठायची वेळ आली. त्याच सुमारास औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणरावांना औंधला देवळाचा सभामंडप बांधायचं काम दिलं होतं. त्यांनी कारखान्यासाठी संस्थानात जागा देऊ केली. कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळ सुमारे ३२ एकर माळ आणि १०,००० रुपयांचं कर्ज. माळावर निवडुंग आणि साप. १९१० साली थोड्या कामगारांना आणि त्यांच्या कुटुंबांना घेऊन तिथे वस्ती सुरू झाली. तीच किर्लोस्करवाडी, आजच्या सांगली जिल्ह्यातली. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव पुढे अमेरिकेत एमआयटीमध्ये शिकले. त्यांच्या आत्मचरित्राच्या इंग्रजी नावातही निवडुंग आहे : ‘कॅक्टस अँड रोझेस’.

इंग्लंडात राहणाऱ्यांना ही कल्पना नवी वाटणार नाही. बर्मिंगहॅमजवळचं कॅडबरींचं बोर्नव्हिल किंवा लिव्हरपूलजवळचं लिव्हर बंधूंचं पोर्ट सनलाइट तुम्ही पाहिलं असेल. कारखान्याभोवती आखीव गाव. वाडी त्याच जातीची, पण हाताशी पैसा मात्र चिमूटभर.

तिथली माणसं बघण्यासारखी आहेत. शंभूराव जांभेकरांनी यंत्रांचा भार उचलला. हिशेब मंगेशराव रेग्यांकडे. रामूअण्णांनी गाव वसवायचं, घरं, पाणी, झाडं बघायची. के. के. कुलकर्णींवर पडेल ते काम निभावायची जबाबदारी. यातल्या कुणाकडे मोठ्या पदव्या नव्हत्या. राखणीला होते तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दोघंही शिक्षा भोगून आलेले. ज्यांना गावानं चोर ठरवलं होतं, त्यांच्याच हाती राखण दिली गेली, आणि ती त्यांनी चोख केली. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. १९१०च्या दख्खनमध्ये ही बोलायला सोपी गोष्ट नव्हती.

याचा गिऱ्हाइकाशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. माझ्या मते थेट संबंध आहे. नांगराचा फाळ चांगला ओतला गेलाय की नाही, हे विकताना दिसत नाही. दिसतं ते सहा महिन्यांनी, कुठल्या तरी लांबच्या शेतात. भट्टीपाशी उभ्या माणसानं हलगर्जीपणा केला तर त्याची शिक्षा त्याला कधीही न भेटलेल्या शेतकऱ्याला. अशा वेळी मालकानं सगळ्यांवर पाळत ठेवणं अशक्यच. माणसांवर विश्वास टाकायचा आणि त्यांना त्या विश्वासाला जागावंसं वाटेल असं वागवायचं, एवढाच मार्ग राहतो. काउंटरवरचं हसू तासाभराच्या ट्रेनिंगमध्ये शिकवता येतं, भट्टीवरची काळजी तशी शिकवता येत नाही.

एक इशारा मात्र देऊन ठेवतो. वाडीची ही गोष्ट आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः किर्लोस्करांच्या घरच्या लेखणीतून. रामोश्याच्या किंवा ओतकाम करणाऱ्याच्या शब्दांत ती फारशी ऐकू येत नाही. म्हणून कौतुक करताना एक डोळा उघडा ठेवावा.

पहिल्या महायुद्धात परदेशी नांगरांची आवक रोडावली आणि देशी नांगराला मागणी वाढली. कारखाना रेल्वेलगत असल्यामुळे कच्चा माल येणं आणि नांगर, सुटे भाग बाहेर जाणं सोयीचं होतं. हळूहळू किर्लोस्कर नांगर हे मराठी मुलखात घरोघरचं नाव झालं.

कारखान्याची खबर

नाव झालं की नवी अडचण येते. गिऱ्हाईक चार गावांत असतं तेव्हा मालकाला त्याची तक्रार कानावर येते. ते शेकडो गावांत पसरलं की मधे एजंट, दुकानदार, आणि तक्रार वाटेतच विरते.

१९२० साली वाडीतून एक मासिक निघालं, ‘किर्लोस्कर खबर’. संपादक लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे शं. वा. किर्लोस्कर, ‘शंवाकि’. सुरुवातीला ते कारखान्याचं खबरपत्रच होतं. पण शंकररावांना लवकरच उमगलं की नांगर घेणाऱ्या माणसाला फक्त नांगराबद्दल वाचायचं नसतं. त्याच्या घरात बायको आहे, शाळेत जाणारी मुलं आहेत, सावकार आहे, रूढी आहेत. मासिकात उद्योगाबरोबर समाजसुधारणा, विज्ञान, कथा येऊ लागल्या. १९३०मध्ये ‘स्त्री’ निघालं, १९३४मध्ये ‘मनोहर’. तुमच्या आजीच्या कपाटात ‘स्त्री’चे जुने अंक असतील तर त्यांचं मूळ एका नांगराच्या कारखान्यात आहे, हे तिला विचारून बघा. तिला कदाचित माहीत असेल.

हल्लीच्या कंपन्या याला ‘कम्युनिटी’ वगैरे म्हणतील. त्या काळात एवढंच होतं की कारखान्यानं गिऱ्हाइकाला वाचक मानलं, आणि वाचक पत्र लिहितो, वाद घालतो, अंक बंद करतो. आपल्याशी भांडू शकेल असं माणूस स्वतःच तयार करायचं, याला धंद्यात धाडस लागतं.

लाटणी घेतलेली गिऱ्हाइकं

आतापर्यंत मी मालकाच्या बाजूनं बोललो. पण प्रत्येक मालक चांगला निघेल या भरवशावर समाज चालत नाही.

१९७२च्या दुष्काळात आणि त्यानंतरच्या महागाईत तेल, साखर, रॉकेल मिळेनासं झालं. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका एकत्र आल्या. हातात लाटणी घेऊन मोर्चे निघाले. ज्या बाईला दुकानदार ‘संपलंय’ म्हणून परत पाठवत होता, तीच आता मंत्रालयासमोर थाळी वाजवत उभी होती.

१९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं. १९७५मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिची रीत मला फार आवडते. शेजारच्या काही कुटुंबांनी गट करायचा, महिन्याचं सामान एकत्र मागवायचं, आणि आलेला माल आपणच वाटून घ्यायचा. इथे गिऱ्हाईक कुणाची सेवा मागत बसत नाही, ते स्वतः कामाला लागतं. या सगळ्या चळवळींचा रेटा होताच. पुढे २४ डिसेंबर १९८६ रोजी भारतात ग्राहक संरक्षण कायदा आला. त्याची जागा २०१९च्या नव्या कायद्यानं घेतली.

म्हणजे क्रम बघा. गावात तो भरवसा जन्मानं बांधलेला होता. वाडीनं तो शब्दावर दिला. आणि शेवटी लोकांनी भांडून तो हक्क म्हणून मिळवला.

परत बांधावर

तुम्हाला वाटेल, गोष्ट इथे संपली. ती संपलेली नाही, उलट फिरून सुरुवातीच्या जागी आलीय.

गेली काही वर्षं अमेरिकेतले शेतकरी ट्रॅक्टरवरून भांडतायत. नव्या ट्रॅक्टरमध्ये सॉफ्टवेअर असतं. बिघाड झाला तर तो शोधायची साधनं कंपनीकडे आणि तिच्या डीलरकडे. शेतकऱ्याला पाना हातात घेऊन बसता येत नाही, डीलरच्या माणसाची वाट बघावी लागते, आणि पीक तर उभं आहे. २०२३ साली कोलोरॅडो राज्यानं शेती-यंत्रांच्या दुरुस्तीचा हक्क देणारा कायदा केला. १ जानेवारी २०२४पासून तो लागू झाला. न्यूबोल्डचा एकसंध नांगर आणि कुलूप लावलेलं सॉफ्टवेअर यांत शेतकऱ्याच्या दृष्टीनं फार फरक नाही. दोन्ही मोडले की हात बांधले जातात.

तुमच्यातले बरेच जण कॉलेज करता करता कुठल्या तरी काउंटरवर उभे राहता, कुणी हेल्पडेस्कवर फोन घेता, कुणी स्वतःचं स्टार्टअप काढायच्या विचारात आहात. ‘कस्टमर इज किंग’ हे तुम्हाला पहिल्याच दिवशी ऐकवलं जातं. त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की समोरचा ओरडला तरी तुम्ही हसत राहा. अशा वेळी आत कुठेतरी अपमान वाटतो, आणि तो वाटणं चूक नाही. ज्या समाजात ‘सेवा’ म्हणजे जन्माची वेठ होती, तिथून आलेल्या माणसाला तर तो जास्तच बोचतो.

म्हणून हा नांगर लक्षात ठेवा. तुमच्यासमोरचं गिऱ्हाईक राजा नसतं आणि तुम्ही नोकर नसता. ते एखादी विचित्र शंका काढतं, अर्धवट माहितीवर भांडतं, चांगली वस्तू नाकारतं, तेव्हा हसायच्या किंवा चिडायच्या आधी बघा की त्या बोलण्याच्या पोटात तो जुना प्रश्न तर नाही ना. बहुतेकदा असतो. त्याला तुमच्याकडे खरं उत्तर असेल तर गोड आवाज नसला तरी चालतं. आणि उत्तर द्यायचा अधिकार तुमच्या हातात नसेल, तर ती चूक तुमची नाही. काउंटरवरच्या माणसाला तो अधिकार न देणाऱ्याची आहे.

आणि ती गांधीजींची पाटी पुन्हा कुठे दिसलीच, तर दुकानदाराला तारीख सांगायच्या भानगडीत पडू नका. त्यापेक्षा विचारा, बिघडलं तर परत घेता का?